पानाची तांबडी प्रभा

पालकाचीं पानें मद्यार्कांत कुसकरून रस गाळून घ्यावा आणि अंधाऱ्या खोलींत त्यावर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा झोत टाकावा. हिरवा रस तांबडा दिसूं लागतो. कोणाही श्रोत्यास हा प्रयोग घरीं करतां येईल. हरितद्रव्यानें शोषलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग असा लाल होऊन परत येतो. या प्रभेस शास्त्रज्ञ ‘फ्लुओरेसन्स’ म्हणतात, मराठींत अनुस्फुरण.

जिवंत पानांत ही प्रभा फारच मंद असते. शोषलेल्या प्रकाशशक्तीला तेथें तीन वाटा असतात. बराचसा भाग अन्न सिद्ध करण्याच्या कामीं लागतो, कांहीं उष्णता होऊन निघून जातो आणि शेंकडा एकदोन एवढाच प्रभारूपानें बाहेर पडतो.

१९३१ सालीं जर्मनींत हान्स काउट्स्की व त्यांचे सहकारी हिर्श यांनीं अंधारांत ठेवलेल्या पानावर एकदम प्रकाश सोडला. प्रभा झटकन् वाढली आणि मग कांहीं मिनिटांत मावळत गेली. अन्नसिद्धीचें काम सुरू होण्यास वेळ लागतो. तोंवर शक्ति तुंबते व प्रभेच्या वाटेनें सांडते. काम चालू झालें कीं प्रभा ओसरते.

यावरून मंद प्रभा म्हणजे जोमदार पान, असा निर्णय करण्याचा मोह होतो. तो फसवा आहे. भर दुपारच्या उन्हांत डोईजड झालेली शक्ति पान उष्णतेच्या वाटेनें टाकून देतें; तेव्हांही प्रभा मंदच होते. एकच खूण कामसू पानाची असूं शकते आणि ताप सोसणाऱ्या पानाचीही.

हा पेंच सोडविण्यासाठीं पानावर सेकंदभर अतितीव्र प्रकाश पाडतात. त्या क्षणापुरती अन्नाची वाट तुंबून बंद होते. प्रभा एकदम उजळली, तर पूर्वीचा मंदपणा कामाचा होता. ती तेव्हांही मंद राहिली, तर शक्ति उष्णतेंत जात आहे असें ठरतें. १९८६ सालीं उल्रिख श्रायबर व त्यांचे सहकारी यांनीं पुढें आणलेल्या पद्धतीमुळें ही परीक्षा उघड्या उन्हांतही करतां येऊं लागली.

अंधारांत विसावलेल्या पानाच्या कमाल प्रभेंतून किमान प्रभा वजा करून बाकीस कमाल प्रभेनें भागतात. निरोगी पानांत हा आंकडा ०.८३ च्या आसपास येतो. तो बराच उतरल्यास प्रकाश कामीं लावणारी यंत्रणा दुखावली असें समजतात. मात्र आंकडा उत्तम म्हणून पीक सुखी, असें नव्हे. पाण्याच्या ताणांत पान आपलीं रंध्रें मिटून घेतें. कर्बाम्लवायु आंत येईनासा होतो, अन्न घटतें, तरी आंकडा पुष्कळ दिवस तसाच राहूं शकतो. म्हणून जाणता संशोधक प्रभेबरोबर पानानें घेतलेला कर्बाम्लवायुही मोजतो. तसें न केल्यास पाण्यावांचून तळमळणारें पीक कागदावर मात्र निरोगी ठरेल.