भाऊ, तुझा बिल्ला बघ जरा

वरोऱ्याहून बोलतोय. भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं विचारलंय, फौजेत जोडीदाराच्या वर्दीत चूक दिसली तर सांगायची, की उस्तादाच्या नजरेला पडू द्यायची?

सांगायची. आणि फॉल-इनच्या आधी सांगायची. आरशात माणसाला समोरचं दिसतं, पाठ दिसत नाही. कॉलर दुमडलेली, बेल्ट मागून वर चढलेला, हे जोडीदारालाच दिसतं. बेरेचा बिल्ला डाव्या डोळ्यावर यायला हवा, तो घाईत कपाळाच्या मधोमध येतो. नेमप्लेट उजव्या खिशावर, फिती डाव्या. चूक ज्युनियरची असेल तर दोन शब्दांत काम होतं. सिनियरची असेल तर बाजूला घेऊन, हळू आवाजात, ‘साहब, एक मिनट.’ चार पोरांसमोर सिनियरला टोकलं, की फीत सरळ होते पण माणूस वाकडा होतो.

सगळ्यात जास्त गोंधळ मेडलांचा. बरेचजण ज्या क्रमानं मिळाली त्या क्रमानं लावतात. 9 वर्षांच्या सेवेचं आधी मिळतं, म्हणून ते आधी. पण तसं नाही ना! मान मोठा तो छातीच्या मध्याजवळ, मग उतरत डाव्या खांद्याकडे. म्हणजे 30 वर्षांचं, मग 20 चं, आणि 9 चं शेवटी. शौर्याचं असेल तर ते या सगळ्यांच्या आधी. 26 जानेवारीला झेंडावंदनाला आपले माजी सैनिक कोटावर मेडलं लावून येतात, तेव्हा बघा, एखाद्याची ओळ हमखास उलटी असते.

जुन्या माणसांना नव्या वर्दीचंही सांगावं लागतं. 15 जानेवारी 2022 ला, सेना दिनी, नवी कॉम्बॅट वर्दी आली. तिचा शर्ट पँटीत खोचायचा नाही, बाहेर ठेवायचा. आयुष्यभर खोचलेल्या माणसाला ते ढिसाळ वाटतं, आणि तो नव्या पोराला उगाच टोकतो. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि वरच्या अधिकाऱ्यांची वर्दी सगळ्या रेजिमेंटांत एकच झाली, खांद्यावरची रेजिमेंटची दोरी गेली. म्हणून टोकण्याआधी आजचा नियम माहीत पाहिजे.

आता आपल्या भागाचं. फौजी ठिपक्यांचं जॅकेट आठवडी बाजारात मिळतं, थंडीत जागलीला जाणारा माणूस ते घालतो, मजबूत असतं म्हणून. पण इथून पूर्वेला गडचिरोलीचं जंगल आहे. तिथं 1990 पासून सी-60 चे जवान फिरताहेत, आणि हिरवे कपडे नक्षलवाद्यांनीही घातले. झाडीत कपड्यावरूनच आपला की परका हे क्षणात ठरवावं लागतं बापा! जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटला हल्लेखोर फौजी कपड्यांत आले होते, त्यानंतर सेनेनं लोकांना असे कपडे वापरू नका म्हणून सांगितलं.

आणि न मिळालेलं मेडल कुणी लावलं असेल तर? ती चूक नव्हे, खोटेपणा आहे. तिथं मी हळू आवाजात बोलत नाही. कोणत्या युनिटात, कोणत्या साली, एवढं सरळ विचारतो. खरा फौजी तारखेसकट सांगतो. दुसरा चहा घ्यायला निघून जातो.

घरात जुनी कॉम्बॅट असेल तर भाच्याला देऊ नका. बटणं, बिल्ले काढून ठेवा आणि कापडाचं पुसणं करा.