माणिक चौकातील हवा

झाशी म्हटले की आपल्या मनात किल्ला आणि राणी उभी राहते. त्याच शहराच्या जुन्या भागातील माणिक चौकाकडे आज तुमचे लक्ष वेधावयाचे आहे, ते मात्र इतिहासासाठी नव्हे, तेथील हवेसाठी.

2019 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत झाशीचेही नाव आहे. वाहनांच्या धुरावर कायद्याचा अंकुश नाही असे नव्हे. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे मानक देशभर लागू झाले. इंधनातील गंधकाचे कमाल प्रमाण दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आले. इंधनावर चालणाऱ्या वाहनांना ठरावीक मुदतीने प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्रही घ्यावे लागते.

परंतु ही तपासणी उभ्या आणि एकट्या वाहनाची असते. बाजारात वाहन एकटे नसते. अरुंद वाटेत शंभर निर्दोष वाहने खोळंबली, तर त्यांचा धूर एकवटतो, आणि दिवसभर तेथेच राबणारा दुकानदार व हमाल तो श्वासावाटे घेतो.

तेव्हा यंत्राच्या तपासणीला वाहतुकीच्या नियोजनाची जोड हवी. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे महामार्ग झाशीपाशी मिळतात. मालमोटारी गावाबाहेरून वळवाव्यात, माल उतरविण्याची वेळ ठरवावी, गिऱ्हाइकाने वाहन दूर ठेवून पायी यावे. व्यापाऱ्यांची थोडी गैरसोय होईल, हे खरे. पण बाजारातली हवा सर्वांत अधिक वेळ त्यांनाच घ्यावी लागते, हे विसरून कसे चालेल?