पगार, टक्का आणि सापडलेला फॉल्ट

अधिवेशनाचे अध्यक्ष महोदय, उद्घाटक पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, कोकणापासून विदर्भापर्यंत आपापल्या गॅरेजला दोन दिवस कुलूप लावून आलेले मालक बंधू-भगिनी, आणि आमच्या निमंत्रणाचा मान ठेवून पुढच्या रांगांत बसलेले मेस्त्री, फिटर, वायरमन मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने करवीरनगरीत आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे गुणगान करावे अशी रीत आहे. पण अंबाबाई आणि रंकाळा मी सांगायची गरज नाही, आणि तांबडा-पांढरा रस्सा रात्री ताटात येणारच आहे. मी फक्त उद्यमनगराचे नाव घेतो. बाजारात सुटा भाग मिळत नसेल तर तो ओतून, लेथवर चढवून हातात देणारी माणसे या वसाहतीने घडवली. म्हादबा मेस्त्रींचे नाव तिथे अजून आदराने निघते, ते त्यांच्या हातातल्या कसबामुळे. असल्या हाताला पैसे कशाच्या हिशेबाने द्यायचे, महिन्याच्या पगाराने की केलेल्या कामाच्या टक्क्याने, हा आपल्या अधिवेशनाचा विषय आहे. तो कोल्हापुरात निघाला याचा मला आनंद आहे.

यावरची भांडणे आपल्याला पाठ आहेत. मालक म्हणतो, पगार बांधून दिला की पोरं पाट्या टाकतात, टक्का दिला की घाईत काम उरकतात. मेस्त्री म्हणतो, पगारात घर भागत नाही, आणि टक्क्यावर राहिलो तर आखाडात काय खायचं? दोघांचेही खरे आहे. गणपती-दिवाळीच्या तोंडावर गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्याआधीचे दोन महिने चहावाल्याशिवाय कुणी फिरकत नाही. मंदीचा तो भार कोणी सोसायचा, हा खरा वाद आहे. पगारावर ठेवले तर मालक सोसतो, निव्वळ टक्क्यावर ठेवले तर ज्याच्या खिशात सगळ्यात कमी आहे तो सोसतो.

पण मला त्याहून नाजूक जागा दाखवायची आहे. समजा, एक गाडी आली. खड्ड्यात आदळली की बंद पडते, मग आपोआप सुरू होते. आधीच्या दोन ठिकाणी पेट्रोल पंप बदलून झाला, इग्निशन कॉइल बदलून झाली. स्कॅनर लावला तर दर वेळी वेगळा कोड दाखवतो. आपला मेस्त्री शहाणा. एवढे सेन्सर एकदम खराब होत नाहीत, हे त्याला कळते. तो मल्टिमीटर घेऊन बसतो, एकेक अर्थिंग तपासत जातो, आणि जेवणवेळ टळल्यावर त्याला इंजिनकडून बॉडीला येणारी पट्टी सापडते. बोल्टखाली हिरवा गंज. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, गाडी ठणठणीत. सुट्या भागांचा खर्च शून्य.

आता याचे पैसे मांडा. पगारी असेल, तर शेजारी दिवसभर ऑइल बदलणाऱ्याइतकेच. लेबरवर टक्का असेल, तर जवळपास काही नाही, कारण "घासायचे एवढे पैसे?" असे विचारणारे गिऱ्हाईक आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आणि सुट्या भागांवर कमिशन असेल, तर या माणसाचे नुकसानच झाले. त्याने डोके न चालवता ईसीएम बदलायला सांगितला असता, तर महिन्याचे टार्गेट त्याच दिवशी पूर्ण होते. शेजारच्या रॅम्पवर क्लच प्लेट टाकणारा पोरगा संध्याकाळी त्याच्याहून जास्त घेऊन घरी जातो. अशाने चांगला मेस्त्री फॉल्ट शोधायचे सोडून देतो, किंवा कोपऱ्यावर स्वतःचे गॅरेज टाकतो.

अमेरिकेत हे सगळे आपल्याआधी घडून गेले आहे. तिथल्या बहुतेक डीलरांकडे पुस्तकातल्या तासांचा हिशेब चालतो. पुस्तक एखाद्या कामाला तीन तास देते. मेस्त्रीने ते दोन तासांत केले तरी तीनचे पैसे, पाच तास लागले तरीही तीनचेच. हात चालणारे यात खरोखर भरपूर कमावतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र 1992 साली कॅलिफोर्नियाच्या सरकारने सीअर्स या बड्या कंपनीच्या गाडी-दुरुस्ती केंद्रांवर गरज नसलेली कामे गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारल्याचा आरोप ठेवला. गाडी आत घेणाऱ्या सल्लागारांना कमिशन आणि विक्रीचे कोटे लावून दिले होते. बोभाटा झाल्यावर कंपनीला त्यांचे कमिशन बंद करावे लागले. नंतर 2013 मध्ये त्याच राज्यातल्या न्यायालयाने मर्सिडीजच्या एका डीलरला बजावले, की गाडीची वाट पाहत वर्कशॉपमध्ये थांबलेल्या मेस्त्रीच्या त्या वेळेचाही वेगळा पगार द्यावा लागेल. 2016 पासून तिथल्या कायद्यातच ते आले. आपल्याकडेही 1948 च्या किमान वेतन कायद्यात नगावर काम करणाऱ्याला वेळेच्या दराने किमान वेतनाचे संरक्षण होते, आणि 2019 च्या वेतन संहितेने ते कायम ठेवले आहे. "तो टक्क्यावर आहे, त्याला कसला पगार?" असे म्हणणाऱ्या मालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. (मी मालकच आहे, तेव्हा रागावू नका.)

स्वागताध्यक्षाने मत देऊ नये म्हणतात. मी देणार आहे, उद्या ठरावाच्या वेळी हवे तर पाडा. घर चालेल एवढा पगार पक्का असावा, आखाडातही. त्यावर लेबरमधला वाटा द्यावा, पण हातोहात नको. गाडी महिनाभरात त्याच तक्रारीसाठी परत आली नाही तर मोकळा करावा. सुट्या भागांच्या विक्रीवर मेस्त्रीला दमडीही देऊ नये. आणि फॉल्ट शोधण्याचा वेळ जॉब कार्डवर वेगळ्या ओळीत लिहून गिऱ्हाइकाकडून वसूल करावा. गिऱ्हाईक कुरकुर करेल. डॉक्टरला तपासणीचे पैसे देताना आपण कुठे विचारतो, की औषध एकच लिहिले मग फी कसली?

आणखी एक बाब चर्चेत सुटू नये. निव्वळ टक्क्यावरचा उस्ताद पोराला शिकवत नाही. आयटीआयची दोन वर्षे करून आलेल्या मुलाला बीएस-6 गाडीचा डीपीएफ समजावण्यात तास गेला, तर तो तास उस्तादाच्या खिशातून जातो. उद्या इलेक्ट्रिक गाड्या दारात उभ्या राहतील, तेव्हा हाय व्होल्टेजची केबल कशी हाताळायची हे त्या मुलाला कोणीतरी फुरसतीने दाखवलेले असायला हवे. त्या फुरसतीचा पगार मालकाने द्यायचा की नाही, हे या सभेने ठरवावे.

आता व्यवस्थेचे. चहा-नाश्ता डाव्या मंडपात आहे. दुपारच्या परिसंवादात मालकांआधी मेस्त्री बोलतील, असा क्रम समितीने मुद्दाम लावला आहे. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी अकरापर्यंत टेबलावर नावे द्यावीत, आणि जमल्यास गेल्या तीन महिन्यांचा आपला हिशेब, म्हणजे पगार, टक्का, उचल, खाडे, कागदावर मांडून आणावा. नाव लिहिले नाही तरी चालेल, आकडे मात्र खरे हवेत.

उद्घाटक पाहुण्यांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.