ऑपरेशननंतरचं ताट

आम्ही सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बाया. टॉवेलच्या कारखान्यात शिलाई, घडी, पॅकिंग ही आमची कामं. आज वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल बोलायचंय, आणि त्याहून जास्त, ऑपरेशन होऊन बाई घरी आल्यावर काय, त्याबद्दल. आमच्यातल्या एकीचं हे ऑपरेशन झालं. तिच्यासोबत आम्हीही बरंच शिकलो.

हे ऑपरेशन आपल्याकडे नवं नाही. नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत ते करून घेतलं. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद त्यासाठीच मुंबईला आल्या, तेव्हा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मार्चमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं, वजनही बरंच उतरलं. पुढचे उपचार अबुधाबीला झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. त्यांना हृदयाचे आणि किडनीचे आजार होते. म्हणजे काट्यावरचं वजन उतरलं की सगळं मिटलं, असं नसतं.

आता ऑपरेशन म्हणजे काय? पोटावर लहान छेद घेऊन दुर्बिणीने करतात. एका प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा प्रकार बायपास. त्यात जठराची छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात.

दिसण्यासाठी करायचं हे ऑपरेशन नव्हे. उंची आणि वजन यांचा हिशेब करून बीएमआय नावाचा आकडा काढतात. तो ३५ च्या वर असेल, किंवा ३० च्या वर असून शुगर आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर साधारणपणे याचा विचार करतात. पाच फूट उंचीच्या बाईचा बीएमआय ८१ किलोला ३५ होतो. विमा कंपन्यांची अट आणखी कडक असते : ४० चा आकडा, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. म्हणून खर्च कोण देणार, किती देणार, हे आधी लेखी विचारून घ्या. ज्यांची ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्यांना नियमात बसल्यास आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते.

तंबाखू आणि मिश्री ऑपरेशनच्या आधीच सोडावी लागते. तिने जखम लवकर भरत नाही आणि पोटात अल्सर होतो.

घरी आल्यावर पहिले काही दिवस फक्त पातळ, मग मऊ कुस्करलेलं, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी आपलं नेहमीचं जेवण. पण किती? चार-सहा घास. आधी डाळ, अंडं, दही, पनीर, मासे, भाकरी शेवटी. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं लागतात, आणि एका अंड्यात ती सहाच ग्रॅम असतात. आता बघा, आपल्या घरात अंडं आधी कुणाच्या ताटात जातं? सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं बाईने खायचं, ही रीत इथे चालत नाही. चार घासच जाणार असतील तर ते सकस हवेत.

जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. एरवी दिवसभर घोट-घोट घ्यायचं, कारण तांब्याभर पाणी एकदम जात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात कारखान्यात हे फार सांभाळावं लागतं. म्हणून पाण्याची बाटली मशीनपाशीच हवी. आमच्या मैत्रिणीला अर्ध्या तासाच्या सुट्टीत डबा संपत नव्हता. आम्ही चौघी जणी सुपरवायझरकडे गेलो. आता तिला मध्ये दोनदा दहा मिनिटं मिळतात, तेवढा वेळ तिचं काम आम्ही ओढतो.

लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बरं वाटतंय म्हणून, उपवास आहे म्हणून त्या सोडायच्या नाहीत. पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री बाईच्या गोळ्यांना लागते. ते होऊ देऊ नका. गोळ्या बंद झाल्या तर रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, हातापायाला मुंग्या येतात. शुगरच्या जुन्या गोळ्यांचं प्रमाण मात्र डॉक्टरांकडून लगेच बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम उतरते. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका.

तीन-चार महिन्यांनी केस गळतात; खाणं नीट असेल तर बहुतेक परत येतात. कातडी लोंबते. दीड वर्ष तरी दिवस राहू देऊ नयेत. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर पाळणा लांबवायच्या गोळीवर भरवसा नसतो. तांबीबद्दल डॉक्टरांना विचारा.

सारखी उलटी, पोटात जोराची कळ, ताप, छाती धडधडणं, पाणीसुद्धा न जाणं, यातलं काहीही झालं तर घरी वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता बाकीच्यांसाठी. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नात "अगं, खा की अजून एक शेंगापोळी" असा आग्रह तिला करू नका. तिने एक घास जास्त खाल्ला तर उलटी होते, गोड जास्त झालं तर घाम फुटतो, चक्कर येते. अक्कलकोटला अन्नछत्रात गेलात तर प्रसाद थोडाच वाढून घ्या, म्हणजे टाकावा लागत नाही. "सुकलीस गं", "पैसे देऊन बारीक झाली" असले टोमणेही नकोत. गुडघे धरून जिना चढणारी बाई आता उभ्याने पाळी काढते, हे आम्ही रोज बघतो.

तुमच्या बचत गटात कुणी हे ऑपरेशन करणार असेल, तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. दर महिन्याला तिच्या गोळ्यांची आठवण कोण करेल, तपासणीला सोबत कोण जाईल, आणि तिच्या घरी सासूबाईंशी कोण बोलेल.