मनीषाची मोनिशा : एका विनोदी मालिकेवर आमच्या बायकांची मतं

(चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

'प्रसारमाध्यमं आणि स्त्रिया' या विषयावर आपल्या चळवळीत पुष्कळ बोललं आणि लिहिलं गेलं आहे. जाहिरातीतली बाई, सिनेमातली बाई, मालिकेत रडणारी बाई, सगळ्यांची आपण चिरफाड केली. विनोदाच्या वाटेला मात्र आपण फारशा गेलो नाही. 'तुम्हा स्त्रीमुक्तीवाल्यांना हसताच येत नाही' हे ऐकून घ्यायची सवय झाल्यामुळेही असेल. आज मी एका विनोदी मालिकेबद्दल बोलणार आहे. खरं म्हणजे मालिकेपेक्षा जास्त, ती पाहून आमच्या गावांतल्या बायका काय बोलल्या त्याबद्दल.

मालिका जुनी आहे. 'साराभाई व्हर्सेस साराभाई'. नोव्हेंबर २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर सुरू झाली आणि २००६ मध्ये बंद पडली. लेखन आतिश कपाडिया यांचं, दिग्दर्शन देवेन भोजानी यांचं. दक्षिण मुंबईत कफ परेडला राहणारं श्रीमंत गुजराती कुटुंब. सासू माया, म्हणजे रत्ना पाठक शाह. सून मोनिशा, म्हणजे रूपाली गांगुली, ही दिल्लीच्या मध्यमवर्गीय घरातली. सुनेचं 'मिडल क्लास' वागणं सुधारणं हा सासूचा दिवसभराचा उद्योग. सतीश शाह यांनी केलेला सासरा इंद्रवदन सुनेची बाजू घेऊन बायकोला चिडवत बसतो, आणि नवरा साहिल दोघींच्या मध्ये लोंबकळतो. धाकटा दीर रोसेश भयंकर कविता करतो. एवढ्यावर मालिका चालते, आणि छान चालते. मी स्वतः पोट धरून हसले आहे, ते आधीच सांगून टाकते.

ती बंद का पडली, तर प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणून, असं म्हणतात. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'सारख्या मालिकांचा तो काळ. पुढे शहरातल्या सुशिक्षित लोकांनी हीच मालिका डोक्यावर घेतली. २०१७ मध्ये इंटरनेटवर तिचं दुसरं पर्व आलं, २०२० च्या टाळेबंदीत टीव्हीवर पुन्हा दाखवली गेली. 'लोकांना तेव्हा कळली नाही' असं आता म्हटलं जातं. यातले 'लोक' म्हणजे कोण, हा माझा पहिला प्रश्न आहे.

त्या काळात टीआरपी मोजणारी यंत्रं एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांतच बसवली जात. चंद्रपूर शहर या मापात बसे. गडचिरोली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतसुद्धा एक लाखाच्या निम्म्याच्या आसपास होती. मग धानोरा, कुरखेडा, एटापल्ली, सिंदेवाही यांची गोष्टच सोडा. ग्रामीण भागातले प्रेक्षक मोजायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०१५ पासून, आणि मोजल्याबरोबर वाहिन्यांचा क्रम उलटापालटा झाला, फुकट दिसणाऱ्या वाहिन्या वर आल्या. म्हणजे २००४ ते २००६ मध्ये ही मालिका कुणी नाकारली असेल तर ती शहरांनी. आमच्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि विचारून तरी काय होणार होतं? त्या वर्षांत खेड्यांत तासन्‌तास भारनियमन असायचं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता तेव्हा २३४० मेगावॉट होती. कोळसा आमचा, राख आमची, आणि प्रकाश मुंबईचा, असं आम्ही तेव्हा सभांमध्ये म्हणत असू. टीव्हीचाही हिशोब तोच होता.

तर जे तेव्हा राहून गेलं ते आम्ही आमच्या परीनं करून पाहिलं. बचत गटांच्या प्रशिक्षणानंतर संध्याकाळी, धानाची कामं आटोपल्यावर, मोबाइल टीव्हीला जोडून तीन गावांत या मालिकेचे काही भाग दाखवले आणि मग गप्पा मारल्या. याला संशोधन म्हणू नका. माझ्या समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात शिकवलेल्या नमुना निवडीच्या कोणत्याच नियमात हे बसणार नाही. पण बायका मोकळेपणानं बोलल्या.

पहिली गोष्ट म्हणजे सासरा सगळ्यांना आवडला. सुनेच्या बाजूनं उभा राहणारा सासरा हीच त्यांना सगळ्यात मोठी गंमत वाटली. सासूबद्दल मतं फुटली. एक कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "मला मायाच आवडली. नवऱ्याला घाबरत नाही, चांगली राहते, मनात येईल ते बोलते." तिची आई तिच्याकडे बघतच राहिली. दुसरी एक बाई म्हणाली, "हे सासू गोड गोड बोलून मारते. आमची तोंडावर शिव्या द्यायची, थे बरं होतं. कशाचा राग आला थे समजे तरी." गोड भाषेतल्या अपमानावर मी पुस्तकांतून जे वाचलं आहे त्यात याहून फार जास्त काही नव्हतं.

आता हसू कुठे थांबलं ते सांगते. मोनिशावरचे निम्मे विनोद तिच्या काटकसरीवर आहेत. फुकट मिळणाऱ्या वस्तूंसाठी ती धडपडते, घासाघीस करते, चार पैसे वाचले की खूश होते. कफ परेडच्या दिवाणखान्यात हे हास्यास्पद दिसतं. आमच्या गटातल्या बाया मात्र गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "तिले काऊन हासतेत जी? पैसे वाचवून रायली ना." आणि तिच्या शेजारची, "मंग आमच्या गटाले बी हासत असतीन थे लोक." मैत्रिणींनो, ही सभा बचत गटाची होती हे लक्षात घ्या. तेंदूपत्त्याच्या आणि मोहाच्या पैशातून दर महिन्याला बाजूला काढलेली रक्कम हाच जिचा अभिमान आहे, तिला आपण काटकसरीवर हसायला बसवलं होतं.

काटकसरीसारखाच मोनिशाला रडक्या कौटुंबिक मालिकांचा नाद आहे, आणि त्यावरही विनोद आहेत. म्हणजे ज्या बायका अशा मालिका बघतात त्यांच्यावर हसणारी ही मालिका. मग त्या बायकांनी ती बघितली नाही, तर त्यांना 'कळली नाही' कसं म्हणायचं?

याची तुलना मला नेहमी झाडीपट्टीच्या नाटकाशी करावीशी वाटते. दिवाळीनंतर वडशाहून नाटकं निघतात, गावोगाव मंडपात रात्रभर चालतात. विनोदी नट स्टेजवर आला की पुढे बसलेल्या बायका त्याला सरळ उत्तर देतात, आणि चांगला नट ते उत्तर पकडून पुढे जातो. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती अशाच रंगभूमीवरच्या कामासाठी. झाडीपट्टीत सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. दारुड्या नवऱ्याचे आणि दुहेरी अर्थाचे विनोद तिथेही आहेत, आणि ज्या भागातल्या बायकांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले तिथे दारुड्यावर हसू का येतं, यावर वेगळं शिबिर घ्यावं लागेल. पण तिथे प्रेक्षक-बाईचं मत त्याच रात्री ऐकू येतं.

आता मुख्य मुद्दा. या मालिकेत एक बारीक तपशील आहे. सुनेचं मूळ नाव मोनिशा नाही, मनीषा आहे. सासूला 'मनीषा' फार मिडल क्लास वाटतं म्हणून तिनं ते बदलून मोनिशा केलं. मालिकेत हा एक चटकन येऊन जाणारा विनोद आहे. मालिकेवर इतकं कौतुकानं बोललं जातं, त्यात यावर कुणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे तीनही गावांत चर्चा इथेच अडली. कारण ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलेल्या बायका समोर बसल्या होत्या.

तुम्ही कार्यकर्त्या आहात, तेव्हा पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या एका सदस्येच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं, आणि आधार कार्डावर घरात हाक मारतात ते. तिची रोजगार हमीची मजुरी एका बँकेत अडकून पडली. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज भरताना अशा किती जणी आमच्याकडे आल्या, ते तुम्हीही तुमच्या गावांत पाहिलं असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४ मधल्या उपकलम ४ प्रमाणे विवाहित दावेदाराच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं यायला हवीत. पण बाईचं कोणतं नाव? पट्ट्यावर एक आणि आधारवर दुसरं असेल, तर ती जमीन आपली आहे हे तिनं पुढे कसं सिद्ध करायचं? नवऱ्याच्या नावावर हा प्रश्न कधीच येत नाही.

एक वयस्क गोंड बाई बराच वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "माहं नाव सासूनं नाही बदललं. शाळेत गुरुजीनं बदललं. त्याले बोलता नाही आलं माहं नाव." त्यावर सगळ्या हसल्या, तीही हसली. मग तिनं आपलं खरं नाव सांगितलं, आणि शेजारच्या दोघींनी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा आपल्या हाती आहे. त्याची नजर बाईच्या शरीराच्या चित्रणावर आहे, आणि नाव बदलण्याच्या विनोदात त्याला काहीच सापडणार नाही. या मालिकेवर बंदी घाला, पत्रं लिहा, असं मी मुळीच सुचवत नाही. उलट ती दाखवा. माया जे करते ते प्रत्येक घरात होतं, फक्त तिथे ते इंग्रजी मिसळून होतं, आणि परक्या घरातलं असल्यामुळे बायकांना त्यावर बोलणं सोपं जातं. स्वतःच्या सासूबद्दल सभेत कोण बोलणार?

तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येकीनं आपापल्या गटात एखादा भाग दाखवावा. मालिका हीच हवी असं नाही, तिथे आवडते ती घ्या. कुठे हसलात आणि कुठे हसू आलं नाही, एवढंच विचारा. जोडीला प्रत्येक सदस्येची कागदोपत्री किती नावं आहेत याची यादी करा, कोणतं नाव कुठल्या कागदावर आहे तेही लिहा, म्हणजे दुरुस्तीचे अर्ज एकत्र करता येतील. उत्तरं बायकांच्याच शब्दांत लिहून अंकासाठी पाठवा. झाडीबोलीतलं झाडीबोलीत राहू द्या, गोंडीतलं गोंडीत आणि सिरोंच्याकडचं तेलुगूत. अर्थ खाली द्या, पण शब्द बदलू नका.