चष्म्याचं घर



निवृत्त कर्नल बोलणार म्हटलं की लोकांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात. आज त्या नाहीत. आज मी चष्म्याच्या घराबद्दल बोलणार आहे. इथे टेबलावर दोन घरं ठेवली आहेत. एक काळं, कोपरे झिजलेलं, वीस वर्षांहून जुनं. दुसरं तपकिरी, मी हातानं शिवलेलं. त्यातलं चांगलं कुठलं, ते शेवटी तुम्हीच ठरवा. माझं मत पक्कं आहे, काळं.

मी महूचा. कागदोपत्री आता डॉ. आंबेडकर नगर, पण बाजारात अजून महूच म्हणतात. आमचं घराणं होळकरांच्या काळात इंदूरला आलं आणि तिकडचंच झालं. त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या. बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींना मी काय म्हणतो ते कळेल.

आधी काळं घर. 2001 च्या डिसेंबरात ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि आमची पलटण राजस्थानच्या सीमेवर गेली. पलटणीची कमान माझ्याकडे होती. चाळिशी नुकतीच ओलांडली होती आणि नकाशा वाचायला हात हळूहळू लांब जायला लागला होता. शेवटी चष्मा घेतला. आता राजस्थानची वाळू म्हणजे काय, तर ती डाळीत असते, दाढीच्या साबणात असते आणि शर्टाच्या खिशातही असते. आजकालच्या भिंगांना आपण काचा म्हणतो, पण ती असतात प्लास्टिकची. महिन्याभरात त्यांवर इतके ओरखडे उठले की नकाशावर नसलेल्या पायवाटा मला दिसू लागल्या.

प्रत्येक पलटणीत न्हावी, धोबी, शिंपी, मोची असे ट्रेड्समन असतात. आमचा मोची बिहारचा, अबोल माणूस. एकदा बूट द्यायला आला तेव्हा मी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होतो. त्यानं पाहिलं, बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे घर आणून दिलं. कंडम झालेल्या बुटाच्या वरच्या कातड्याचं, झाकणाचं, मागे बेल्टात अडकवायला पट्टी. आत मऊ अस्तर. ते अस्तर म्हणजे रायफलीची नळी साफ करायला फुलतरूत अडकवतात ना, ती चिंदी. माप त्यानं घेतलंच नव्हतं. नजरेनं कापलं होतं आणि चष्मा आत असा बसला की हलवला तरी आवाज नाही.

मी "शाबाश" म्हणालो आणि नकाशाकडे वळलो. बस्स, एवढंच.

चामडं मला नवं नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं. खडकवासल्याला कॅडेट असताना बूट घासून घासून त्यात स्वतःचं तोंड पाहिलेला माणूस मी. गणवेशावरचा सॅम ब्राउन बेल्ट तुम्ही पाहिला असेल, कमरेला रुंद पट्टा आणि खांद्यावरून तिरकी पट्टी. हा सॅम ब्राउन घोडदळातला अधिकारी. 1858 मध्ये लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हातानं तलवार उपसायची तर म्यान धरणार कोण? म्हणून त्यानं म्यान जागच्या जागी राहील असा पट्टा बांधायला सुरुवात केली. ही गोष्ट मी मेसमध्ये शंभर वेळा सांगितली असेल. तो पट्टा शिवतात कसा, हे मात्र मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. चामड्याची मला फक्त चमक माहीत होती.

ते कळलं 2020 च्या टाळेबंदीत. काळ्या घराच्या एका कोपऱ्यातले तीन टाके झिजून तुटले होते. भिंग लावून पाहिलं तर तीन तुटूनही चौथा ढिला नव्हता. शिलाई मशीनची शिवण अशी वागत नाही. मशीनमध्ये वरचा धागा वर राहतो, खालचा खाली, दोघं कातड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. एक तुटला की शेजारचा सैल होऊ लागतो. हे काहीतरी वेगळं होतं.

पलटणीत फोन केला, तिथून त्याचा नंबर मिळवला. पुष्कळ वर्षांनी बोलत होतो. मी घराची आठवण करून दिली. तो म्हणाला, "साब, बहुत बनाए थे." म्हणजे मला जे खास माझ्यासाठी वाटत होतं, ते माझ्याआधी सुभेदार मेजर साहेबांनाही मिळालं होतं! मी टाक्याचं विचारलं. तो म्हणाला, "दो सुई, साब." धागा एकच, दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून एक सुई इकडून जाते, दुसरी तिकडून येते. खोगीर शिवतात तो हा टाका. मग मी म्हणालो, मला शिकायचंय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यानं विचारलं, "आपको क्या ज़रूरत पड़ गई, साब?"

या प्रश्नाकडे मी परत येतो. आधी काम कसं करतात ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काहींना करून बघावंसं वाटेल.

कातडं कमावायच्या मुख्य पद्धती दोन. एक क्रोमची, झटपट. बूट, पर्स, सोफे, जगातलं बहुतेक चामडं तसंच. दुसरी जुनी, झाडांच्या साली आणि फळं वापरून, तिला काही आठवडे लागतात. आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. घडीव घर करायचं तर हे दुसरंच हवं. ते ओलं केलं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की तो आकार धरून ठेवतं. क्रोमचं कातडं भिजवून दाबलं तरी पुन्हा लोळागोळा. मी कानपूरहून मागवतो. तिथे 1860 च्या दशकापासून सैन्यासाठी खोगिरं आणि पट्टे होत आले आहेत. जाडी दोन मिलिमीटर घ्या, त्याहून जाड नवख्याच्या हाताला ऐकत नाही.

चष्मा मिटून त्याची लांबी, उंची, जाडी मोजा. त्या मापाचा लाकडाचा ठोकळा करा, कडा गोल घासा. माझा 150 बाय 50 बाय 35 मिलिमीटरचा आहे. समोरचा तुकडा मापापेक्षा चांगला मोठा कापा. कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. लगेच दाबायला घेऊ नका. वरून कोरडं दिसू लागेल, पण गालाला लावलं तर गार लागेल, ती वेळ. मग ठोकळ्यावर ताणून अंगठ्यानं आणि चमच्याच्या पाठीनं कडा बसवा. चमचा लाकडी. का, ते सांगतो. सावलीत पूर्ण दिवस वाळू द्या. उन्हात नाही, हेअर ड्रायर तर अजिबात नाही.

माझं पहिलं घर वाया गेलं. मी ठोकळा चष्म्याच्या नेमक्या मापाचा केला, अस्तराची जाडी धरलीच नाही. चष्मा आत गेला, बाहेर येईना. बायको म्हणाली, सुरक्षित तर आहे.

दुसरं घर फार सुंदर झालं होतं. रात्री कडा दाबून राहाव्यात म्हणून कागदाला लावायच्या लोखंडी क्लिपा लावल्या. सकाळी क्लिप होती तिथे तिथे निळेकाळे डाग. पुसले, घासले, जाईनात. मग लक्षात आलं, ही तर शाई! जुन्या काळी पोथ्यांसाठी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करायचे. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. कातड्यात हिरड्या-बाभळीचा तुरटपणा आहे, त्यात पाणी आणि लोखंड आलं की शाई तयार. म्हणून चमचा लाकडी. आता मी कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे वापरतो आणि खाली रबराचा तुकडा ठेवतो.

आकार धरला की कड दहा मिलिमीटर ठेवून कापा. आतून बकरीचं मऊ कातडं चिकटवा, नाहीतर भिंगांना कातड्याचा खडबडीतपणा लागतो. पाठीचा सपाट तुकडा लावा. कडेपासून चार मिलिमीटरवर रेघ, रेघेवर दर चार मिलिमीटरला भोक. तीन बाजू मिळून माझ्या घराला जवळजवळ शंभर भोकं आली. धागा शिवणीच्या चौपट लांबीचा, वर वीतभर जास्त, मेणातून ओढलेला. दरवेळी तीच सुई आधी, दुसरी तिच्या मागून. क्रम बदलला की टाका उलटा तिरपा पडतो. माझ्या या तपकिरी घरावर डावीकडून एकतिसावा टाका बघा. फोन वाजला होता.

टोचणं आणि ओढणं व्हिडिओ बघून येत नव्हतं, म्हणून मी बाजारात एका मोच्याकडे गेलो. फुटपाथवर बसतो. त्याच्या पेटीच्या झाकणाला आतून संत रोहिदासांचं चित्र लावलेलं आहे. पहिल्या दिवशी मी पोत्यावर बसायला लागलो तर तो उठून उभा राहिला. शेजारच्या दुकानातून खुर्ची आणवली. खुर्चीवर बसून आरी धरता येत नाही हे मला पटवून द्यावं लागलं, आणि आरी धरून माझ्या शेजारी बसणं त्याला जड जात होतं. त्याची आरी टोकाला आकडी असलेली. वरून टोचतो, खालचा धागा आकडीत धरून वर खेचतो, त्या फासातून दुसरं टोक काढून आवळतो. मी दोन सुयांत धागा ओवेपर्यंत त्याची चार इंच शिवण झालेली असते. त्याला माझी दोन सुयांची पद्धत वेळखाऊ वाटते. त्याचं बरोबर आहे, त्याला एका चपलेमागे किती मिळतात ते मी तिथे बसून पाहिलं आहे.

आठ-दहा दिवस गेलो. ओळखीचे लोक रस्त्यानं जायचे. काही थांबून कौतुक करायचे, "वा कर्नलसाहेब, काय छंद जोपासलाय!" काही न बघितल्यासारखं करून पुढे जायचे. शेजारी बसून तेच काम, माझ्याहून दसपट चांगलं करणाऱ्या माणसाकडे दोन्ही प्रकारच्या लोकांनी पाहिलं नाही. एकदा मी विचारलं, मुलाला शिकवलं का? तो आरी चालवत म्हणाला, "उसके हाथ में ये नहीं देना है." मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला आहे.

तेव्हा मला फोनवरचा प्रश्न कळला. आपको क्या ज़रूरत पड़ गई. तोच आमचा पलटणीचा मोची निवृत्तीनंतर गावाजवळच्या शहरात सुरक्षारक्षक आहे. आरीला हात लावलेला नाही, असं त्यानंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही, आणि मी पहिल्यांदाच विचारलं नाही ते बरं केलं. माझ्या हातात आरी आली की तो छंद होतो, त्यांच्या हातात होती तेव्हा ती जात होती. ज्या गावात बाबासाहेबांचा जन्म झाला, ज्यांच्या स्मारकावरून मी रोज फिरायला जातो, त्या गावात हे समजायला मला साठी उलटावी लागली.

आणि माझं घर? आमच्याकडे पूजेला बसताना घड्याळाचा चामडी पट्टा काढून ठेवायची पद्धत. चामड्याचं काहीही देवघराच्या उंबऱ्याच्या आत जात नाही. आई आता नव्वदीला टेकली आहे. मी जेवणघराच्या टेबलावर ठोकळा ठोकायला बसलो, तेव्हा तिनं दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं. "पेन्शन पुरत नाही का रे?" एवढं एकदा विचारलं. सामान मागच्या पडवीत हलवलं. तिला समजवायला मी बाबासाहेब आणले, रोहिदास आणले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, माझं वय झालं.

पण एका दुपारी ती पडवीत आली. तिनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. हे तपकिरी घर तिनं हातात घेतलं, चष्मा लावला, नखानं टाके चाचपत गेली आणि एकतिसाव्यावर थांबली. "हा एवढा उसव," म्हणाली. घर मात्र घेतलं नाही. पोथी वाचायचा तिचा चष्मा प्लास्टिकच्या डबीतच राहतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

एकतिसावा टाका मी उसवला नाही, कारण तो उसवायचा तर अलीकडचे-पलीकडचेही काढावे लागतात आणि भोकं मोठी होतात. पुढचं घर बाजारातल्या त्या मोच्यासाठी केलंय. तो चष्मा दोरीनं गळ्यात अडकवतो. त्यानं घेतलं, उलटंपालटं केलं, आणि अर्ध्या तासात झाकणाची पट्टी काढून दुसरीकडे लावून घेतली. आता ते एका हातानं उघडतं. ते त्याच्याकडेच आहे, नाहीतर दाखवलं असतं.

ही दोन मात्र बोलणं संपल्यावर हातात घेऊन बघा. आधी काळं घ्या, त्याची आतली चिंदी बघा. आणि तपकिरी बघताना ते पाण्याचे ग्लास जरा लांब ठेवा.