परभूमीवरील हुतात्मा : नाईक यशवंत घाडगे



वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, मायभूमीपासून हजारो मैल दूर इटलीच्या भूमीवर देह ठेवणाऱ्या एका मराठी वीराचे हे पुण्यस्मरण आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी, तत्कालीन कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव येथे झाला. मराठा लाइट इन्फंट्रीत ते नाईक होते. हुद्दा लहान, परंतु रणांगणावर एका तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. देश तेव्हा परतंत्र होता. नांदेड-लातूरवर निजामाची सत्ता होती. १९३९ साली येथील नेत्यांना न विचारताच व्हाइसरॉयने हिंदुस्थानला महायुद्धात ओढले. पुढे पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक इटलीत लढले.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सर्व सहकारी मृत वा जखमी झाले. सोबतीला कोणीही उरले नाही, हे ठाऊक असूनही ते एकटे पुढे धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन निकामी केली, एका शत्रुसैनिकास गोळी घातली आणि काडतुसे भरण्यास अवधी नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. तोच दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाने योद्ध्याचे स्मरण का करावे, हा प्रश्न रास्त आहे. जैन आचारशास्त्राने गृहस्थासाठी संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य ठरविली. रक्षणार्थ अपरिहार्यपणे घडणारी विरोधी हिंसा तिच्याहून वेगळी मानली. तरीही मारले गेलेले शत्रुसैनिकही कोणा मातेचे पुत्रच होते, याचा विसर पडता कामा नये. हे स्मरण संहाराचे नव्हे. जखमी सोबत्यांसमोर धडधडणाऱ्या मशीनगनवर एकट्याने चालून जाणाऱ्या निर्भयतेचे व त्यागाचे आहे.

घाडगे यांची समाधी कोठेही नाही. कॅसिनो येथील स्मारकावर केवळ त्यांचे नाव कोरलेले आहे. इटलीत ५,७८२ हिंदी सैनिकांनी प्राणार्पण केले. मात्र ७९ वर्षांनी, २०२३ मध्ये, पेरुजाजवळील मोंतोने गावाने घाडगे यांच्या नावे एक छायाघड्याळ उभारले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील लॅटिन बोधवाक्याचा आशय आहे. जीवमात्राविषयी मैत्रीभाव शिकविणाऱ्या समाजाला तो परका वाटणार नाही.

ज्या गावाशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते, त्या गावाने हे ऋण मान्य केले. मग मराठवाड्यातील ज्या घरांतील मुलगा सीमेवरून परतला नाही, त्या घरांची विचारपूस करणे, त्यांच्या मुलांच्या शिक्षणास हातभार लावणे, हे येथील समाजाचे कर्तव्यच ठरते. हार-फुले एका दिवसात सुकतात; असे दान मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

हुतात्म्यास विनम्र अभिवादन. जय हिंद! जय जिनेंद्र!